काशाच्या झांजा आणि आईंचा डावा पाय

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी दार ओढून घेते आणि कुकर लावते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. शिक्षण चौथीपर्यंत, चार माणसांत बोलायला जीभ उचलत नाही... म्हणून लिहून ठेवतेय.

आम्ही पंचवटीत पेठ नाक्यामागे दोन खोल्यांत राहतो. हे, म्हणजे माझे मिस्टर, टेम्पो चालवतात आणि लग्नसराईत दिंडोरी रोडच्या लॉन्सवर ऑर्केस्ट्रात ड्रमसेट वाजवतात. सासूबाईंची, म्हणजे आईंची, डावी बाजू लकव्याने गेलेली. दोन वर्षं तो पाय मीच उचलायचा, मीच धुवायचा... नुसतं लाकूड.

दिवाळीच्या आधी ह्यांनी भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून दोन जुन्या झांजा आणल्या. ड्रमसेटला त्या एकावर एक बसवतात. डाव्या पायाने पेडल दाबलं की एकमेकींवर आपटतात. हायहॅट म्हणतात त्याला. काळपट, कडेला हिरवं चढलेलं, मधल्या भोकापाशी चिकट मळ. हातात घेतली तर बोटांना वास लागला — सिगरेटचा, शिळ्या घामाचा. मी लगेच चिंच भिजत घातली. हे म्हणाले, थांब, आधी दाखवतो एकाला.

पुण्याहून एक सर आले, जुन्या झांजा जमवणारे. त्यांनी पुसट शिक्का शोधला, पाठीवरचे हातोडीचे ठोके उजेडात फिरवून पाहिले. म्हणाले, तुर्कस्तानात हाताने घडवलेल्या आहेत, साठेक वर्षं तरी झाली. वर्ष नेमकं सांगता येत नाही, पण शिक्का आणि ठोके बघून काळ कळतो. आणि हे पितळ नाही, अस्सल कासं आहे. मग दोन्ही दोरीला टांगून हलकेच काठी लावली. खोटं कशाला सांगू, तो आवाज मला आवडला. पातळ, पाण्यावर ऊन हलतं तसा, आणि लगेच विरून जाणारा.

"वहिनी, चिंच लावू नका हं," सर म्हणाले. "हा मळच आवाज मऊ करतो. नव्या झांजेला कितीही पैसे मोजा, हे मिळत नाही."

किंमत ऐकून हे खालीच बसले. मी मात्र बोटं पुन्हा पदराला पुसली. कुठल्या परक्या माणसाचा घाम तो, आणि त्याचं एवढं मोल! तोवर वाजवायच्या नाहीत, सर पैसे जमवून सीझननंतर नेतील, असं ठरलं.

कासं हा शब्द आईंनी खाटेवरून ऐकला. त्यांच्या माहेरी तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासतात, उष्णता निघते, तूप काळं पडतं. आमची वाटी नणंदेकडे गेलेली. आई मागेच लागल्या.

"मंगल, वाटी काय न् ताटली काय, कासं ते कासं. पाय लय जळतो गं."

मला त्या झांजेला हात लावायची किळस. पण हे म्हणाले, खालची घे, ती काय झिजते का.

दुपारी पाय मांडीवर घेऊन बसले. तूप काळं होणार हे ठाऊक होतं. पण हे काळं थांबेना... पुसलं की पुन्हा, दाट, डांबरासारखं. आणि वास? कातडी बुटाचा, ओल्या मोज्याचा. आईंनी जन्मात बूट घातलेला नाही. पदर नाकाशी धरून घासत राहिले, कारण आई डोळे मिटून बरं वाटतंय म्हणत होत्या. आणि माझ्या मांडीवर त्यांची टाच उचलली गेली. खाली आली. परत उचलली — ठेक्यात.

हे जेवायला आले, बघत उभे राहिले. आरतीत टाळी चुकणारी आपली आई... हळूच म्हणाले, "हा हायहॅटचा पाय आहे."

डॉक्टर म्हणतात, कधी कधी जीव परत येतो. येत असेल. आई आता वॉकर धरून मोरीपर्यंत जातात.

ठरल्याप्रमाणे सर आले. वरची झांज वाजली, तशीच सुंदर. खालची मात्र ओल्या पोत्यावर मारल्यासारखी. त्यांनी तडा शोधला, नव्हता. ह्यांनी तूप आणि तळपायाचं सांगितलं, तेव्हा उघड्या गटारीकडे बघताना माझं तोंड होतं तसं त्यांचं झालं. तरी त्यांनी गरम पाण्याने धुवायला लावली. पुन्हा तेच.

"तुपाने आवाज दबतो, धुतलं की परत येतो," ते म्हणाले. "असा निघून जात नाही."

दोन्ही इथेच टाकून गेले. ह्यांचा ड्रमसेट आता आधीच्याच झांजांवर चाललाय. आई चालतात म्हणून बुडालेल्या पैशांचा हिशोब कुणी काढत नाही. आवाज कुठे गेला ते सरांना सांगता आलं नाही, मला तर कुठून येणार?

संध्याकाळी तो पाय फरशीवर ठेका धरतो. रोज तो मीच धुते. करंगळीला घट्ट बुटाने पडतं तसं टणक कुरूप आलंय, आणि वास साबणाने जात नाही. मग कोपरापर्यंत हात घासते, तरी घास तोंडाशी नेववत नाही.

परवा धुताना आईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं असावं. म्हणाल्या, "मंगल, पाय माझाच हाय ना गं?"

"तुमचाच आहे, आई," मी म्हटलं.

तेवढा वेळ पाय माझ्या हातात अगदी स्थिर होता, कान देऊन ऐकत असल्यासारखा.