गुण आला तरी

थोरल्या भावाच्या, दादाच्या हातात सलाईनमधून औषध चाललं होतं. पाण्यासारखं, बिनरंगाचं. कॅन्सरमुळे त्याचं मूत्राशय काढायचं होतं. त्याआधी हे नवं औषध देऊन पाहायच्या चाचणीसाठी त्यानं स्वतःच सही केली होती.

"हे गाठीला थेट मारत नाही," डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या होत्या, "शरीराला ती ओळखायला शिकवतं. क्वचित शरीर धडधाकट अवयवांवरही उलटतं."

तेव्हापासून मी दादाच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. इतके महिने या देहानं परक्याला घरचं समजून पोसलं. आता त्याला शहाणं करायला निघालो, आणि त्यानं घरच्यांनाच परकं ठरवलं तर?

"गुण आला हे कळणार कधी?" दादानं नर्सला विचारलं.

"ऑपरेशननंतर, काका. काढलेलं मूत्राशय तपासतात, तेव्हा नक्की कळतं."

"म्हणजे गाठ विरली असली, तरी ते जाणारच?"

"हो. सध्या तरी तसंच ठरलंय."

मोकळा हात दादानं चादरीखाली ओटीपोटावर ठेवला. सलाईन संपेपर्यंत तो हात तिथून हलला नाही.