पुष्पाबाईंचा पोरगा नेमका कोणाचा?

माझ्या मावशीचा, म्हणजे पुष्पाबाईंचा, मुलगा गजेंद्र परदेशात फार मोठा साहेब आहे. पण तो तिकडे काय करतो, हे तिला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही. आधी तो दिल्लीला परराष्ट्र खात्यात होता, मग वकिलातींत. तिथवर ठीक होतं. सरकारी नोकरी म्हटलं की आमच्या अर्जुनी मोरगावकडे कोणालाही कळतं. गेल्या वर्षी तो देशादेशांतली नद्यांच्या पाण्याची भांडणं सोडवणाऱ्या एका जागतिक संस्थेचा प्रमुख झाला आणि मावशीच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला. पगार कोण देतं? सगळे देश मिळून. मग मालक कोण? कोणीच नाही. "असं कसं असते बाई?" हे ती मलाच विचारणार, जशी काही मी तिथे चपराशी होते!

गावानं मात्र चौकात त्याचा मोठा बॅनर लावला.

मागच्या महिन्यात आपल्याच एका नदीच्या वादात त्यानं शेजारच्या देशाच्या बाजूनं निकाल दिला, तोही टीव्हीवर. सरपंच टेकचंदनं बॅनर उतरवला. रोज येऊन बसणारी शेजारची शामकला येईना. मावशीला घास गिळवेना. पोरगा आपला राहिला की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. शेवटी मीच फोन लावून दिला.

"काऊन रे, आपल्याच लोकायच्या विरुद्ध बोलून राहिला?"

"माय, बाबा पाणकर होते ना?" गजेंद्र म्हणाला.

पाणकर म्हणजे तलावाचं पाणी शेताशेताला सोडणारा. त्याचं स्वतःचं शेत सगळ्यात शेवटी भिजायचं, असा गावचा रिवाज.

"एका साली पाणी पुरलं नाही, आपला धान वाळला. तरी बाबांनी आधी घेतलं नाही. मी तेच करून राहिलो."

मला वाटलं, आता उजेड पडला. कसला पडतो!

"तवाही मले समजलं नव्हतं," मावशी भडकली. "पण त्या साली अख्ख्या गावानं आपल्या घरी धान आणून टाकला. तुया बापाले उपाशी नाही ठेवलं." मग तिचा आवाज उतरला. "तुयासाठी तेथी कोण आणते रे?"



"कोणी नाही, माय."

मावशी बावरून माझ्याकडे बघत राहिली. "एवढा मोठा साहेब," ती म्हणाली, "अन् कोणीच नाही?"