एका पॅनलचं घर

मे महिन्याच्या भर दुपारी, नागभीडच्या उन्हात, मी गिझर लावला होता. आंघोळीसाठी नव्हे, अब्रूसाठी.

त्याचं असं झालं. माझा मुलगा प्रफुल्ल पुण्याला असतो. त्याचे बाबा गेल्यापासून फोनवर एकच टुमणं, "आई, घराले कुलूप लाव अन् इकडे ये." शेवटी मी सांगितलं, मी छतावर सोलर बसवून राह्यले. (उठून जाणारी बाई सोलर कशाला बसवेल? कशी मारली!) पण पोरगा माझाच. म्हणाला, "ठीक आहे. किती पॅनल लागते ते इचार. एकच लागला, तर समज त्या घरात कोनी राह्यतच नाई. मंग मुकाट्यानं यायचं." जन्मभर शाळेत गणित शिकवलेली मी, गणिताला काय घाबरणार? म्हटलं, मंजूर!

दुसऱ्या दिवशी सोलरवाले नंदूभाऊ आले. मीटरपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले.

"बाई, मीटर बंद पडलं का?"

"नाई. चालू हाय."

"मंग घर बंद हाय का?"

खरं म्हणजे एक कूलर, एक दिवा आणि मी, एवढंच चालू असतं. पण हे परक्या माणसाला कसं सांगायचं? मी ठोकून दिलं, "पाव्हणे बाहेर गेले हायेत. उद्या दुपारी या, घर भरलं असन तवा."

आता पाहुणे आणायचे कुठून? माणसं नव्हती, पण कूलर होते. चार खोल्या, चार कूलर. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्याला त्याला आपापला कूलर लागतो. एक यांचा, एक प्रफुल्लचा, एक सासूबाईंचा, एक माझा. माझा सोडून बाकीच्यांत आता कोळी राहतात. सकाळपासून बादल्या वाहून मी चौघांनाही पाणी पाजलं. यांचा कूलर सुरू झाला, तोच जुना खडखडाट, आणि क्षणभर वाटलं, हे आत झोपलेत. मी दारातच उभी राहिले. मग डोळे पुसून मोटर लावली, टीव्ही लावला, इस्त्री लावली, मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरवले. तरी घर भरल्यासारखं वाटेना, म्हणून गिझर!

नंदूभाऊ आले. त्या गदारोळात काही ऐकूच येईना.

"बाई! घरात किती मानसं हायेत?"

"सात-आठ!" मी ओरडले. "झोपले हायेत!"

"ह्या आवाजात?"

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या डीपीत फाट्कन आवाज झाला आणि सगळं थांबलं. माझंच नव्हे, अख्ख्या गल्लीतले कूलर गप्प झाले.

धडाधड दारं उघडली. घामाघूम गल्ली बाहेर आली. समोरच्या शेवंताबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "काऊन वो, कोनामुळं गेली?" नंदूभाऊंनी इमानदारीत माझ्याकडे बोट केलं आणि कूलरपासून गिझरपर्यंत सगळी यादी वाचली.

"गिझर?" शेजारचे देवरावभाऊ किंचाळले. "बाई, इथी नळाचं पानी भाजून राह्यलं, अन् तुमी गिझर लावता?"

लाइनमन जेवायला गेला होता. सावली होती ती फक्त माझ्या अंगणात, कडुनिंबाखाली. भांडायला आलेली माणसं तिथंच टेकली. मी पन्हं केलं. शेंगदाण्याचा कूट तयारच होता, त्यात गूळ घालून लाडू वळले. देवरावभाऊंनी यांच्या नकला केल्या, शेवंताबाईंनी माझ्या.

"किती दिवसांनी आलो बाई तुमच्याकडं!"

"कूलर सोडून कोन निंगते, सांगा!"

मी हसत होते, पुन्हा पुन्हा ग्लास भरत होते आणि मनात म्हणत होते, देवा, त्या लाइनमनला अजून एक पोळी वाढ.

देवानं ऐकलं नाही. कुठल्याशा घरात कूलर घरघरला आणि अर्धं पन्हं तसंच ठेवून सगळे उठले. बघता बघता अंगण रिकामं. ग्लास तेवढे मागे राहिले, आणि मला फार एकटं वाटलं.

नंदूभाऊ चप्पल घालता घालता हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगू? तुमाले एक पुरते."

संध्याकाळी प्रफुल्लचा फोन. "आई, किती लागते?"

"हिशेब जमला नाई रे बाबू. सगळं पुन्हा एकदा लावून पाहा लागन."

"गणिताची बाई ना तू?" तो हसला.

आहेच मुळी! सगळ्या गावाकडून तीसपर्यंत पाढे पाठ करून घेतले, आणि आता एकाच्या पाढ्यात अडकले आहे.