आप्पा शेवटी रणगाड्यात बसले

डिसेंबर १९९६, दुसरा रविवार, दुपारी साडेतीन. स्थळ: सांगलीतल्या एका मंगल कार्यालयाची मागची खोली. हजर: अध्यक्ष सुभेदार जाधव (निवृत्त), अकरा सभासद, मी (चिटणीस) आणि माझे सासरे आप्पा. आप्पा आदल्या वर्षी वारले होते.

हजेरी मी कधीही चुकीची मांडत नाही. तेव्हा पुढचं वाचा.

आमचं सातारा-सांगली रणगाडाप्रेमी मंडळ. बहुतेक सभासद रणगाड्यांच्या पलटणीतून निवृत्त झालेले. मी सातारच्या एका शाळेत हेडक्लार्क. पलटणीचा आणि माझा संबंध एवढाच, की नगरच्या एका प्रदर्शनात मी रणगाड्यात अकरा मिनिटं बसलो होतो (घड्याळ लावून!). परत आल्यावर मंडळाचा नियम चार मीच लिहिला: 'सभासदाने रणगाड्यात किमान दहा मिनिटे बसलेले असावे.'

आप्पा कोरेगावचे. तीस वर्षं उसाचा ट्रॅक्टर चालवला. रणगाड्याची त्यांना सुभेदारांपेक्षा जास्त माहिती, पण बसणं कधी झालं नाही. त्यांनी सभासदत्वासाठी तीनदा अर्ज केला.

"जावईबापू, घ्या की मला आत. चिखलात ट्रॅक्टर काय आन् रणगाडा काय, सारखंच की!"

"आप्पा, नियम चार."

"मग एकदा बसवा की कुठंतरी!"

"ते चिटणिसाच्या कामात येत नाही."

तिसऱ्या अर्जावर तर सहीच नव्हती. मी तो वाचलाही नाही, 'त्रुटी' असा शिक्का मारून परत दिला. आप्पांनी तो माझ्याच टेबलावर ठेवला, दारापर्यंत गेले आणि वळून शांतपणे म्हणाले, "बसनार मी. बघा तुमी."

पुढच्या महिन्यात ते गेले.

वर्षश्राद्ध आलं तेव्हा माझ्या अंगावर दोन कामं होती. एक, मंडळाचं बोधचिन्ह करून घेणं. दोन, आप्पांचा मोठा रंगवलेला फोटो. बायकोनं दम भरला होता, "फोटोत काही चुकलं, तर आईला मी तोंड दाखवणार नाही. आणि तुम्हालाही दाखवू देणार नाही!" सांगलीचे इलाही पेंटर पाट्याही रंगवायचे आणि गेलेल्या माणसांचे फोटोही. मी वेळ वाचवला. एका पाकिटात दोन फोटो, एक रणगाड्याचा आणि एक आप्पांचा, आणि एकाच कागदावर दोन्ही कामांची सलग यादी. रणगाडा समोरून. वर गोलात मंडळाचं नाव. अंधारात चमकायला रेडियम. चेहरा हुबेहूब. डोक्यावर टोपी. गळ्यात हार. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि मागाहून आठवलं म्हणून शेवटी: चाळीस बिल्ले.

इलाहीभाईंचा शाळेत फोन आला होता. "साहेब, हे समदं एकातच बसवायचं?"

"यादीप्रमाणे करा!" मी म्हणालो आणि फोन ठेवला. (त्या दिवशीच्या कामांच्या यादीवर ती सातवी खूण होती.)

सभेच्या दिवशी पार्सल थेट कार्यालयावर आलं. मी त्यावर 'मिळाले' अशी खूण केली. उघडलं नाही, कारण 'उघडणे' यादीत नव्हतं! मला रणगाड्यांच्या स्लाइड दाखवायच्या होत्या. खिडक्या लावल्या, पडदे ओढले. सुभेदारांनी त्या अंधुक उजेडात बिल्ले वाटले, सगळ्यांनी चाचपडत छातीवर लावले. मी पहिली स्लाइड लावली. फट्! यंत्राचा दिवा गेला.

काळोख.

आणि त्या काळोखात, छातीच्या उंचीवर, हिरवे डोळे उघडले. दोन. चार. मग एकदम चोवीस. कोणी हललं की ते हलायचे. पण बघत होते सगळे माझ्याकडेच. मला ती नजर ओळखीची होती. दारातून वळून बघणारी.

"चिटणीस," सुभेदारांचा आवाज घोगरा झाला, "हे काय हाय?"

"काय ते?"

"जाधवांच्या छातीवर कोनतरी बसलंय गड्या!" मागून एक जण ओरडला.

"आरं, तुझ्याबी!"

लढाई बघितलेली ती बारा माणसं एकाच दाराकडे पळाली. मी टेबलाखाली होतो. (यादी हातात होती.) शेवटी कोणीतरी पडदा ओढला. उजेडात मी बिल्ला पाहिला. रणगाडा समोरून, वरचं झाकण उघडं, आणि त्यातून छातीपर्यंत बाहेर आलेले आप्पा! टोपी, हार, करडा चेहरा. डोळ्यांना रेडियम. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. सगळं यादीप्रमाणे.

तेवढ्यात दारात बायको आणि सासूबाई. फोटो न्यायला आल्या होत्या. फोटो कुठेच नव्हता. होते ते चाळीस बिल्ले.

सासूबाई सावकाश सुभेदारांपुढे गेल्या. बिल्ल्यावर बोट ठेवलं.

"घेतलं व्हय शेवटी आत?" त्या म्हणाल्या. "लय दिवस म्हनत हुते."

मी चाचरत म्हणालो, "आई, चूक झाली, मी बदलून..."

"बदलायचं न्हाई. बसल्यात ते. आता उठवू नगा."

सुभेदारांनी टाचा जुळवून बिल्ल्याला सलाम ठोकला. "चिटणीस, नियम चार?"

"दहा मिनिटं झाली," मी घड्याळ बघून म्हणालो.

तेच बोधचिन्ह कायम झालं. एक बिल्ला सासूबाईंनी फोटोच्या जागी देवळीत ठेवला. दिवा मालवला की तिथून दोन हिरवे डोळे बघतात, आणि बायको म्हणते, "बघा, तुम्हालाच शोधतायत." आप्पांचं सभासदत्व सर्वानुमते मंजूर झालं. कागद पूर्ण करायला मी फाइल उघडली. टेबलावरून मी तिथे लावलेला तिसरा अर्ज अजून तसाच होता, सहीचा सोडून सगळे रकाने भरलेले, माझा शिक्का ठळक.

माझ्या यादीत आजवर एकही काम शिल्लक राहिलेलं नाही, हे एक सोडून: 'अर्जदाराची सही घेणे.' दरवर्षी मी ते पुढच्या पानावर उतरवून घेतो. कारण नियम पाचही मीच लिहिलाय: सही चिटणिसाने अर्जदाराकडे स्वतः जाऊन घ्यावी.