छताच्या कडेचा गोंद

गाड्यांची अस्तरं बसवण्यात मावशीचा हात धरणारं त्या रस्त्यावर कोणी नव्हतं. छताचं कापड लोंबायला लागलं की लोक तिच्याच शेडमध्ये गाडी आणत.

एकदा शेजारच्या गॅरेजचा वायरमन पाना मागायला आला आणि दारातच थबकला. मावशी खिडक्यांवरची छताची कड गोंदाने घट्ट चिकटवत होती.

"मावशी, काय करताय? तिथे एअरबॅग आहे!"

"ती स्टिअरिंगमध्ये असते ना?"

"ही वेगळी, पडद्यासारखी." त्याने कड खाली ओढली. आत पुढून मागपर्यंत एक बारीक गुंडाळी होती. "बाजूने धडक बसली की सेन्सरला कळतं, गॅस सुटतो, आणि पापणी लवायच्या आत पडदा ही कड उचकटून खाली येतो, काच आणि डोक्याच्या मध्ये. गाडी उलटली तरी काही सेकंद फुगलेला राहतो. कड चिकटली तर तो उतरणार कुठून?"

मावशीने गोंदाचा डबा बंद केला. हा नवा गोंद तिने महिन्यापूर्वीच आणला होता. त्याआधी ती नुसत्या क्लिपा लावायची, पण त्या खडखडतात अशी तक्रार यायची. या गोंदाने कड चिकटवलेल्या तीन गाड्या शेडमधून बाहेर पडल्या होत्या.

हातातलं काम टाकून ती निघाली, वायरमनलाही सोबत ओढलं. पहिली गाडी चष्मेवाल्याची. तो हसला, "छान बसलीय की! कशाला उकरताय?"

"उघडा म्हटलं ना!"

एअरबॅग चुकून फुटू नये म्हणून वायरमनने बॅटरीची तार सोडली, थोडं थांबायला लावलं, मग मावशीने कड मोकळी करून क्लिपा बसवल्या. दुसरी गाडी नर्सची. चावी देताना ती म्हणाली, "लवकर करा हं. मुलीला आणायचंय. मागे काचेला डोकं टेकून झोपते ती." मावशीला मान वर करवेना.

तिसरी गाडी विकली गेली होती. ती विकून देणारा एजंट नव्या मालकाचा नंबर देईना. मावशी तीन दिवस त्याच्या दारात ठाण मांडून बसली. धाकटी बहीण वैतागली, "ताई, मुद्दाम केलंस का? सोड ना आता."

"मुद्दाम नाही केलं. पण केलं मीच ना?"

शेवटी कटकट नको म्हणून एजंटाने नंबर दिला. नव्या मालकाने तिला भामटी समजून दोनदा फोन आपटला. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने उचलला आणि शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मावशी आणि वायरमन चार तास बसने तिथे गेले. वायरमनने तार सोडली, मावशीने कड मोकळी करून क्लिपा बसवल्या.

"गेल्या आठवड्यात आम्ही घाटातून आलो," ती बाई म्हणाली. "सगळे होतो गाडीत."

मावशीने एकेक क्लिप पुन्हा दाबून पाहिली. परतताना बसमध्ये तिला बसवेना. शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या खिडकीवरची कड ती वाकून वाकून पाहत होती.

"झालं ना आता सगळं?" वायरमन म्हणाला.

"हो," मावशी म्हणाली, आणि पुन्हा बाहेर वाकली.