सोळा घरांचे मामा

साऱ्या इंदुरात ‘ॲसिड’ हा शब्द उच्चारताना ज्याचा चेहरा लोण्यासारखा मऊ होतो असा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. हे ॲसिड बाटलीतलं नव्हे. परदेशी नाचाच्या संगीतातला तो एक प्रकार आहे म्हणे. त्यात खालच्या पट्टीतली एकच छोटी चाल वळवळत, कुरकुरत, मध्येच किंचाळत अखंड फिरत राहते. अशा चाली रचायचं एक यंत्र मामांकडे आहे. निम्म्या पोळपाटाएवढं असेल. वर फिरवायच्या खुंट्या आणि खाली सोळा बटणांची रांग. एकेक बटण म्हणजे एकेक घर. कुठल्या घरात कुठला सूर बसवायचा, कुठलं घर गप्प ठेवायचं, जोर कुठे द्यायचा, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत कुठे जायचं, हे सगळं आधी भरायचं. मग यंत्र तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवत बसतं. मामाही बसतात. सुरुवातीला मामी स्वयंपाकघरातून विचारायच्या, झालं का हो तुमचं? हल्ली त्या सरळ जेवायला वाढतात.

यंत्र मुळात मामांच्या लेकीचं, मनूचं. ती पुण्याला शिकायला होती तेव्हा कुणा हौशी मित्रानं घरी जोडलेलं हे मशीन तिनं उत्साहानं आणलं, सुट्टीत त्याच्याशी झटापट केली आणि कपाटावर टाकून परत गेली. मामा तेव्हा नुकतेच सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. ज्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या संस्थानच्या फौजेत घोडे फेकले, त्या घराण्याचा हा वारस दुपारच्या वेळी चष्मा कपाळावर चढवून खुंट्या पिळू लागला. सूर नाक दाबून बोलल्यासारखा यायचा, मग खुंटी फिरवली की हळूहळू तोंड उघडायचा, आणखी पिळली की केकाटायचा. शेजारच्या जोशीकाकूंनी पहिल्याच आठवड्यात चौकशी केली की तुमच्याकडे मिक्सर बिघडलाय का. मामांनी त्यांना आत बोलावून, खुर्चीवर बसवून, पूर्ण चाल ऐकवली. काकू त्यानंतर मिक्सरबद्दल कधी बोलल्या नाहीत, आणि आल्याही नाहीत.

आता खरी गंमत अशी, की मामा जन्मभर भजनी मंडळात तबला वाजवत आले. सोळा घरं दिसल्याबरोबर त्यांना सोळा मात्रांचा तीनतालच दिसला. झालं! नववं घर म्हणजे खाली, टाळी न देता मोकळी सोडायची मात्रा, आणि खालीच्या घरात सूर ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. मामांच्या कुठल्याही चालीत नववं घर रिकामं. सियागंजच्या बाजारात वायर घ्यायला जाताना ते यंत्र पिशवीत घेऊन जातात, आणि तिथे ओळखीचा एक डीजेवाला आहे, त्याला हेडफोन लावून ऐकवतात. तो बिचारा एकदा म्हणाला, की मामाजी, बीच में बैठ जाता है, वहाँ कुछ डाल दो ना, पब्लिक नाचेगी कैसे. मामांनी त्याला भर दुकानात टाळी-खाली करून दाखवली. गिऱ्हाईकं थांबली. “भिया, जरा श्वास घेऊ दे की त्याला,” मामा त्याला समजावत होते, “साँस लिये बिना समेवर येणार कसं? अपन बाहेरून घरी येतो ना, वैसा लगना चाहिए.” डीजेवाला मान डोलावत राहिला. पटलं म्हणून नव्हे, दुकानात गर्दी झाली म्हणून.

त्यांच्या बाकीच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. सूर घसरला की ते मान घसरवतात. जेवतानाही डाव्या हाताची बोटं ताटाशेजारी जोर कुठे द्यायचा ते ठरवत असतात, आणि एकदा खुंटी अडकली तेव्हा आतून शेवेचा तुकडा निघाला. पण सगळ्यात मोठी तऱ्हा रेकॉर्डिंगची. या यंत्राची स्मरणशक्ती त्यातल्या पेन्सिल सेलवर चालायची. भिंतीतल्या विजेवर ते वाजायचं, पण वीज नसताना सेल काढले की भरलेलं सगळं साफ. म्हणून मामा आधी प्लग लावून, मामींना भिंतीवरच्या बटणाशी उभं करून, मगच सेल बदलायचे. ऑपरेशन असल्यासारखं घरात कुणी बोलायचं नाही. मी कितीदा म्हटलं, मामा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा हो. ते ऐकतील तर शपथ. चाल अजून पिकतेय, पिकण्याआधी तोडायची कशाला, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लिहून ठेवा म्हटलं तर माझ्याकडे असं बघायचे की जावई असून मला लाज वाटायची.

मनूचं लग्न ठरलं आणि मामांनी तिच्यासाठी एक चाल रचायला घेतली. संगीताच्या कार्यक्रमात, सगळ्यांसमोर, स्वतः खुंट्या फिरवत तिला ऐकवायची. तोवर तिच्या कानावर पडू द्यायची नाही. पाहुण्यांचं त्यांना काही नव्हतं. लेकीनं ऐकावी, एवढंच. तिचा फोन आला की यंत्र बंद. ती सुट्टीला आली की यंत्र कपाटात. महिनोन्‌महिने ते एक घर बदलत, मग आठवडाभर ऐकत, मग पुन्हा ते पहिल्यासारखं करत. मी ती ऐकली आहे. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या चालीत एका ठिकाणी सूर वर जाता जाता कचरायचा आणि मग घसरत खाली यायचा, तिथे दर वेळी मी मामांना म्हणायचो, पुन्हा लावा. मामा म्हणाले, ते त्यांच्याकडून चुकून दाबलं गेलं होतं, मग काढावंसं वाटलं नाही.

मुलाकडची मंडळी इंदूरजवळच्या बेटम्याची. मोठं घर, धान्याचा व्यापार, माणसं साधी, पण वरपक्ष तो वरपक्षच. धार रोडवरच्या मॅरेज गार्डनमध्ये संगीत ठेवलेलं, आणि मामा सकाळपासून वधूपिता म्हणून धावत होते. कुणाला पाणी, कुणाला पंखा, कुणाला बिनसाखरेचा चहा. कुणी अर्धं वाक्य बोललं की मामा ते आणायला निघालेले. यंत्र डीजेच्या टेबलावर तयार ठेवलं होतं. विजेच्या बोर्डावर जागा नव्हती, तेव्हा प्लग मामांच्या वेळी लावायचा असं ठरलेलं. मामांच्या आधी मुलाचे आजोबा आशीर्वादाचं बोलायला उठले आणि माईक मेला. गार्डनचा माणूस सेल आणायला गेला तो गेलाच. आजोबा माईक हातात धरून उभे, वरपक्षाकडचे लोक एकमेकांकडे बघू लागलेले, आणि व्याही लांबूनच म्हणाले, समधीजी, माइक बंद है. बास. मामा टेबलाकडे गेले, यंत्र उलटं केलं, झाकण काढलं, सेल काढले आणि नेऊन माईकमध्ये घातले. मी पंक्तीच्या टोकाला होतो, धावलो. मी पोचेपर्यंत आजोबांचा आवाज गार्डनभर घुमत होता, की बाई अब म्हारा घर की बेटी है. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनीही वाजवल्या, अगदी मनापासून, आणि वाजवता वाजवता त्यांचे हात थांबले. एका मुठीत झाकण होतं.

“जावईबापू,” ते मला म्हणाले, “मी हे काय केलं हो?”

त्यांनी प्लग लावून पाहिला. यंत्रातून कसलेतरी आडवेतिडवे सूर निघाले, कुणाचेच नसल्यासारखे. डीजेनं नाव पुकारलं तेव्हा मामांनी लांबूनच हात हलवून नको म्हटलं. मनू धावत आली, तिला सांगितलं, बेटा, मशीन खराब झालं. ती म्हणाली, जाऊ द्या ना बाबा, आणि त्यांना ओढत नाचायला घेऊन गेली. सिनेमाच्या गाण्यावर मामा नाचले. छान नाचले. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना, मी उगीचच आईस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर मामा रोज दुपारी ती चाल परत उभी करायला बसू लागले. सूर तेच आठवायचे, जोरही आठवायचे, पण ते चुकून दाबलं गेलेलं काही केल्या जुळेना. चूक मुद्दाम करता येत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. कधी कधी मला फोन करून ऐकवायचे आणि विचारायचे, हीच का हो? मी हो म्हणायचो. ते म्हणायचे, नाही, नाही, ही नव्हे. या माणसाला आयुष्यात मी इतकं केविलवाणं कधी पाहिलं नाही. फोनवर रेकॉर्ड केलं असतं तर, हे वाक्य माझ्या ओठांवर यायचं आणि मी ते गिळायचो.

या दिवाळीला मनू माहेरी आली, मीही तिथेच होतो. फराळ झाल्यावर स्वतःच म्हणाली, बाबा, लग्नात वाजवणार होतात ते आज वाजवा. मामांनी यंत्र काढलं, सावकाश पुसलं आणि एक चाल लावली. खुंटी हळूहळू फिरवत गेले. मनू जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “किती सुंदर आहे, बाबा. हेच ना ते?” मामा म्हणाले, “हो गं, हेच.” तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मामींनी पदर डोळ्यांना लावला. मामा हसत होते.

निघताना ते मला सोडायला खाली आले. मी गाडीची किल्ली चाचपत होतो. ते फाटकाला टेकून उभे राहिले.

“खूश झाली हो,” ते म्हणाले. “हे तिला आवडलं. पण ते पहिलं आवडलं असतं का, ते आता मला कधीच कळायचं नाही.”

किल्ली सापडली होती, तरी मी ती परत खिशात टाकली आणि त्यांच्याशेजारी फाटकाला टेकलो.