परेराकडे काही टिकत नसे

आमच्या ठाण्याच्या शाळेतले किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत, ते आपोआप साठले. मधल्या सुट्टीत चहा येईपर्यंत कुणीतरी म्हणायचं, "परेरानं काल काय केलं, ऐकलंत का?" की झालं! पास्कल परेरा बाळकुमहून यायचा, गणित शिकवायचा आणि हाताशी असेल ते देऊन टाकायचा. मी इंग्रजी शिकवायचो. त्याला सहा वर्षं सीनियर होतो, मला पुढेमागे हेडमास्तर व्हायचं होतं आणि मी त्याच्यावर जळायचो. आता या वयात लपवायचं काय!

*

फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत निर्वासित आले, तेव्हा शाळेनं कपडे गोळा केले. मी माझा जुना कोट दिला. देण्याआधी त्याची बटणं मात्र कापून घेतली. चांगली शिंगाची बटणं होती, उगाच कशाला घालवा? परेरानं लग्नातला कोट दिला. "एकदाच घातलाय, नवाच आहे," म्हणाला. पोरांनी टाळ्या पिटल्या! माझ्या कोटाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे बांधायच्या आधी परेरा सुई-दोरा घेऊन खिडकीशी बसलेला. हातात माझा कोट! "कुणा बिचाऱ्याची बटणं तुटलेली दिसतात, दामलेमास्तर," म्हणाला. त्याच्या अंगातल्या रोजच्या कोटाला एकही बटण उरलं नव्हतं. मी खडू उचलला आणि वर्गावर निघून गेलो.

*

गणपत शिपाई कळव्याहून पायी यायचा. परेरानं त्याला आपली सायकल देऊन टाकली आणि स्वतः बाळकुमहून चालत यायला लागला. रोज दहा मिनिटं उशीर! मला आयतीच संधी मिळाली. मी हेडमास्तरांकडे गेलो.

"सर, मनात काही नाही, पण शिस्तीचा प्रश्न आहे."

हेडमास्तरांनी टाइमटेबल पुढ्यात ओढलं. "तुमचं बरोबर आहे, दामले. परेरांचा पहिला तास काढूनच टाकू."

मी मनातल्या मनात पेढा खाल्ला.

"तो तुम्ही घ्या!"

*

परेरासमोर कशाची तारीफ करायची सोय नव्हती. नव्या भाताच्या सणाला त्यानं आम्हाला घरी जेवायला बोलावलं. रेशनच्या तांदळाला कंटाळलेलो आम्ही, त्या भातावर तुटून पडलो. पाणी पिताना मी सहज म्हटलं, "तांब्या झकास आहे हो!" निघताना तांब्या माझ्या पिशवीत! नको नको म्हणालो, पण फार जोरात नाही.

मग मी निरोप घ्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. त्याची बायको फिलोमिना लगबगीनं पुढे आली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, पाया पडते, माज्या पाट्या-वरवंट्याला तेवडा चांगला बोलू नका हां!"

*

एकदा ठरवलं, आपणही द्यायचं. तेही सगळ्यांदेखत! माझं लाडकं फाउंटन पेन मी टीचर्स रूममध्ये परेराच्या खिशाला लावलं. सगळे "वा! वा!" म्हणाले. दिवसभर मी तरंगत होतो.

चौथ्या दिवशी ते पेन ड्रॉइंग मास्तरच्या खिशात! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "परेरा, अरे माझं पेन होतं ते!"

"पण तुम्ही दिलंत ना?"

"तुला दिलं होतं!"

"मग मीही दिलं," तो शांतपणे म्हणाला. "त्यांचं गळत होतं हो."

घरी हे सांगितलं तर बायको हसत सुटली. त्या रात्री मी भाजीला नावं ठेवली.

*

हेडमास्तर रिटायर व्हायला आले. ती खुर्ची मला हवी होती, इतकी की रिकाम्या ऑफिसात मी एकदा तिच्यावर बसूनही पाहिलं होतं. त्या खुर्चीला फक्त मी आणि परेराच लायक, असं कमिटीचं मत होतं. शाळेला अजून प्रयोगशाळा नव्हती, आणि शाळा सुटल्यावर परेराला तिचा नकाशा काढताना मी पाहिलं होतं. म्हणजे त्यालाही हवी होती! मला झोप लागेना.

त्याच सुमारास परेराचे ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास सुरू झाले. आम्ही त्याची थट्टा करत होतो. मी म्हटलं, "आमचे वडील काशीला जाऊन आले आणि कारलं सोडलं. जन्मात कधी खाल्लं नव्हतं! तू काय सोडलंस? मासळी?"

"आवडीचंच सोडायचं असतं, मास्तर," तो म्हणाला. काय सोडलं ते काही सांगेना.

आठवड्यानं पत्र आलं. मी हेडमास्तर! पेढे वाटले. परेरानं दोन पेढे मिटक्या मारत खाल्ले, मासळीही त्याच्या डब्यात होतीच. या खेपेला माझीच सरशी झाली, म्हणून मी त्याला तिसरा पेढा दिला.

संध्याकाळी कमिटीचे सेक्रेटरी भेटले. म्हणाले, "आधी परेरांना विचारलं होतं. ते नाही म्हणाले. तुमचं नाव त्यांनीच सुचवलं."

मी तसाच तडक बाळकुमला गेलो. परेरा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"परेरा, खरं सांग. तुला हेडमास्तर व्हायचं नव्हतं?"

"व्हायचं होतं की," तो म्हणाला. "तुमच्यापेक्षाही जास्त!"